खाडीकाठी गट घेऊन जाताना

नवे स्वयंसेवक बहुतेक एकच शंका घेऊन येतात: "मला पक्ष्यांची नावंच येत नाहीत, मी लोकांना काय दाखवणार?" ठाण्यातल्या आमच्या निसर्गगटात काही वर्षं फेऱ्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि या शंकेवर माझं उत्तर ठाम आहे. नावं येतील. पुस्तकातून, मर्लिनसारख्या अ‍ॅपमधून, जुन्या सभासदांकडून ती हळूहळू जमतात. गट नेणाऱ्याला त्याआधी दोन गोष्टी यायला हव्यात. ती जागा त्या दिवशी त्या वेळी कशी असेल हे सांगता आलं पाहिजे, आणि माणसांना एका ठिकाणी थांबवता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट खाडीवर चटकन पटते. ऐरोलीला किंवा नेरुळला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जायचं तर घड्याळाआधी तिथी बघायची. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊला गट नेलात तर पाणी पार ओसरलेलं असणार, पक्षी लांब गुलाबी रेघेसारखे दिसणार आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळणार. अष्टमी-नवमीच्या आसपास मात्र सकाळी भरती ओसरत असते, काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरायला उतरतात. ठाण्याच्या बाजूला, खाडीच्या आतल्या टोकाला, पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी सूट धरायची. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक जवळ ठेवाच, पण हा हिशोब तोंडी यायला हवा. आमच्या गटात येणाऱ्या नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच शिकवते.

येऊरला भरती नसली तरी तयारी तेवढीच लागते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे आणि तिथे बिबट्या राहतो. वनविभागाची परवानगी आधी काढायची. फेरीच्या आठवडाभर आधी स्थळपाहणी करायची, तीही फेरीच्याच वेळेला. पावसाळ्यात ओढा कुठे चढतो, सावली कुठे मिळते, मागे फिरायची वेळ आली तर कुठून फिरायचं, हे सगळं पायाखालून गेलेलं असलं पाहिजे. सगळ्यांत पुढे एक अनुभवी माणूस आणि सगळ्यांत मागे दुसरा, हे आमच्याकडे कधीही मोडत नाही. मागचा माणूस गटाला ओलांडून पुढे जात नाही, कितीही सुंदर पक्षी दिसला तरी. वाटेत पाड्यावरच्या आजी-मावशी भेटल्या तर आधी नमस्कार, मग गप्पा, आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. कोणता पाला कधी खुडायचा हे त्या सहज सांगून जातात, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून तरी गटाने सावकाश चालावं.

आता थांबवणं. मुलांसमोर नाव पटकन सांगून टाकलं की त्यांचं बघणं तिथेच संपतं. "हा रोहित" म्हटलं की ती वहीत लिहितात आणि पुढचा पक्षी शोधतात. त्याऐवजी विचारा, याची चोच पाण्यात सरळ आहे की उलटी? मग दुर्बिणीसाठी रांग लागते. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून खातो हे त्यांना स्वतःला सापडतं. थव्यातले काही पक्षी राखाडी का, असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. ती पिल्लं असतात आणि गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो, हे सांगायची वेळ ती.

कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, तर पक्षी नसले तरी तास पुरत नाही. तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकतात, कारण हे झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळं हवा घेतात. चिप्पीची फुलं रात्री उमलतात. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. एक खबरदारी मात्र घ्या: गेवा हे झाड ओळखायला शिका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून कुणालाही फांदी मोडू देऊ नका.

संवर्धनाचं काम फेऱ्यांपेक्षा संथ आणि कष्टाचं आहे, आणि नव्या मुलांचा उत्साह इथे लवकर ओसरतो. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. कांदळवन प्रत्येक वेळी कुऱ्हाडीने मरत नाही. राडारोड्याचा भराव पडतो, एखादा नाला बुजतो, भरतीचं पाणी आत येणं थांबतं आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. २०२४ मध्ये नेरुळचा डीपीएस तलाव पाण्याची वाट अडल्याने कोरडा पडला होता, तेव्हा नागरिकांनीच आवाज उठवला.

असं काही दिसलं तर डंपरवाल्याशी वाद घालायला एकट्याने जाऊ नका. अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटेल असे फोटो काढा, जमलं तर सर्वे नंबर शोधा, आणि महापालिका, तहसीलदार व वनविभागाचा कांदळवन कक्ष यांना लेखी तक्रार द्या. पोच घ्या, आवक क्रमांक जपून ठेवा. पत्रात भावना कमी आणि आधार जास्त असू द्या: सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. जागा त्या हद्दीत येत असेल तर तेही लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेचा, त्याच कोनातून नवा फोटो जोडत राहा. अधिकारी बदलतात, फाइल राहते.

गटातल्या माणसांबद्दल थोडंसं. निवृत्त काकांना सकाळी लवकर यायला आवडतं, कॉलेजातल्या मुलांना परीक्षा असतात, नोकरदार तायांना फक्त रविवार मिळतो. प्रत्येकाला पुरेल तेवढंच काम द्या आणि ते मनापासून त्याच्यावर सोपवा. नोंदी करणारा वेगळा, शाळांशी बोलणारा वेगळा, पैशांचा हिशोब ठेवणारा वेगळा. सगळं एकाच्या डोक्यात राहिलं तर तो आजारी पडताच फेरी रद्द होते. याच कामातून कुणी प्राणिशास्त्राकडे वळतं, कुणी १८८३ पासून चालत आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम करतं. अशा मुलांना ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नियमित नोंदी टाकायची सवय आधीच लावून द्या, पुढे ती फार उपयोगी पडते.

यंदा गट न्यायची इच्छा असेल तर पक्षी सप्ताहाचं निमित्त चांगलं आहे, ५ ते १२ नोव्हेंबर. पण त्यासाठी सप्टेंबरपासून यायला लागा. आधी दोन-तीन फेऱ्यांत सगळ्यांत मागे चाला, मग एक स्थळपाहणी स्वतः करा, आणि ऑक्टोबरमध्ये एका शाळेच्या गटाला खाडीवर अर्धा तास तुम्हीच सांभाळा. आम्ही शेजारी उभे असू. तारीख मात्र तुम्हीच काढायची, तिथी बघून.