लग्नाची मेणबत्ती घरी कशी करावी

वसईकडच्या काही लग्नांत वेदीजवळ तीन मेणबत्त्या ठेवतात. कडेच्या दोन बारीक मेणबत्त्या दोन्हीकडच्या आया पेटवतात आणि त्यांच्या ज्योतीवर नवरानवरी मधली जाड मेणबत्ती पेटवतात. ही मधली मेणबत्ती मी करून देते. कॅथलिक विवाहविधीत तिचा उल्लेख नाही, त्यामुळे कामाला हात लावण्याआधी फादरांना विचारलंत का, हे मी पहिलं बघते. चर्चमध्ये नको म्हणाले तर ती हॉलवर जाते. तिथे पंखे फिरत असतात, म्हणजे काचेची चिमणी लागते आणि मेणबत्तीची जाडी चिमणीच्या मापाने ठरवावी लागते.

माझं माप ३ इंच व्यास आणि ८ इंच उंची. त्याला साधारण ९०० ग्रॅम मेण लागतं, त्यात वरून भरायचं मेणही आलं. पॅराफिन ८१० ग्रॅम आणि स्टिअरिक ॲसिड ९० ग्रॅम घ्या. स्टिअरिकमुळे मेणबत्ती घट्ट आणि दुधी पांढरी होते, शिवाय साच्यातून सहज सुटते. सोया मेण यासाठी घेऊ नका. ते मऊ असतं, ग्लासातल्या मेणबत्तीला चांगलं. उभ्या मेणबत्तीला, त्यातून मे महिन्यातल्या लग्नाला, ते टिकत नाही.

मेण थेट आचेवर कधीच वितळवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा ठेवायचा. समजा पेटलंच, तर पाणी मारू नका. गॅस बंद करून वर झाकण दाबा. ॲल्युमिनियमच्या साच्यात वात ओवून, ताणून, मधोमध बांधा. खालचं भोक शाडूने बंद करा आणि ८० अंशांच्या आसपास मेण ओता. तासाभरात वातीभोवती खळगा पडतो, कारण मेण थंड होताना आकसतं. वरची साय विणकामाच्या सुईने दोनतीन ठिकाणी टोचा आणि राखून ठेवलेलं मेण गरम करून भरा. हे टाळलं तर आत पोकळी राहते आणि मेणबत्ती जळता जळता ज्योत त्या पोकळीत बुडते. रात्रभर राहू द्या, सकाळी साचा काढा.

वात विणलेली सुतीच हवी, पण किती जाड, ते जाळून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याच साच्यात दोन इंच उंचीचा एक तुकडा करा आणि तीन तास जाळा. ज्योत काजळी सोडत असेल तर वात जाड आहे. मेणात बुडत असेल तर बारीक. या तुकड्यासाठी वेगळं मेण धरा, यात काटकसर करू नका.

मेणबत्तीचं अंग मी पांढरंच ठेवते. सुवासही घालत नाही. लग्नाच्या चर्चमध्ये मोगऱ्याचा वास असतोच.

आता नावं. छापील अक्षरांपेक्षा मला घरातलं हस्ताक्षर आवडतं. नवरीच्या आजीकडून किंवा आईकडून दोघांची नावं आणि तारीख लिहून घ्या. टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवून, त्यावर बारीक पिगमेंट शाईच्या पेनाने ती अक्षरं गिरवा. मार्करची शाई मेणात पसरण्याची भीती असते, म्हणून आधी तुकड्यावर करून बघा. कागद अक्षरांच्या अगदी जवळून कापा, मेणबत्तीवर ठेवा, वरून बटर पेपर घट्ट गुंडाळा आणि हेअर ड्रायर फिरवा. कागद आधी ओला झाल्यासारखा दिसतो, मग मेण शोषून पारदर्शक होतो, आणि अक्षरं जणू मेणाच्या आतूनच वर आल्यासारखी दिसतात. आजीचा हात थरथरत असला तर ती थरथरही तशीच उमटते. ती सुधारू नका. बटर पेपर गरम असतानाच, एका कडेने हळू काढा.

फुलांसाठी मी आमच्याकडचा सोनचाफा करते. मधमाशांचं मेण आणि पॅराफिन निम्मं निम्मं वितळवून, पिवळा मेणरंग घालून बटर पेपरवर पातळ पसरायचं. ते कणकेसारखं मऊ असतानाच लांबट, टोकदार पाकळ्या कापायच्या. नुसतं पॅराफिन इथे तडकतं. मधाचं मेण वाकतं. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या घरचं लग्न असेल तर नावाखाली आजीच्या लुगड्याच्या तांबड्या रंगाची एक पट्टी लावते, कधी तिच्या मळ्यातल्या केळीचं पान. पाकळी गरम चमच्यावर क्षणभर टेकवायची आणि अंगठ्याने दाबायची. खडूचे मेणरंग या बाहेरच्या कामाला चालतात. ओतायच्या मेणात मात्र नकोत, त्यांचे कण वातीत अडकतात.

सजावट वरच्या कडेपासून दोन इंच खाली सुरू करा. कागद, लेस, सुकी फुलं ज्योतीजवळ जाता कामा नयेत. लेस हवीच असेल तर तळाशी, आणि मेणबत्ती तिथपर्यंत जाळायची नाही हे घरच्यांना नीट सांगून ठेवा.

लग्नाच्या दिवशी कडेच्या बारीक मेणबत्त्या आडव्या, सपाट खोक्यात न्या. बंद गाडीत उन्हात ठेवल्या तर वाकतात. जाड मेणबत्तीची वात आदल्या दिवशी एकदा पेटवून विझवा आणि पाव इंच ठेवून कापा. कोरी वात लवकर पेट घेत नाही आणि नवरानवरी तिथे अवघडून उभी राहतात. लांब काडी लागणार असेल तर तीही बरोबर द्या. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी त्या बाजूचा पंखा बंद करायला सांगा. खाली काठ असलेली ताटली हवीच.

एवढं करूनही वेदीच्या कापडावर मेण सांडलं तर ओलं असताना पुसू नका. कडक झाल्यावर बोथट सुरीने खरवडा, मग खालीवर कोरा शोषक कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा, कागद बदलत बदलत, डाग जाईपर्यंत.