कॉलेजच्या फायनान्शियल एडचं अपील: या चुका टाळा

मार्च संपत आला की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांतून मला फोन येतात. कॉलेजनं फीसाठीच्या मदतीचे पैसे कमी दिलेत, फेरविचाराचं अपील कसं करायचं? चुका दर वर्षी त्याच.

सगळ्यात महाग पडते ती कागदांशिवाय पत्र लिहिण्याची चूक. ती मीही केली आहे. लेकीच्या ॲडमिशनच्या वर्षी ह्यांची नोकरी गेली. फॅफ्सात, म्हणजे मदतीसाठीच्या सरकारी अर्जात, उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात (2026-27 साठी 2024 चं), त्यामुळे कॉलेजच्या लेखी आमच्याकडे अजून दोन पगार येत होते. मी रात्री बसून तीन पानं लिहिली. लेकीचे मार्क, तिचं भरतनाट्यम, आमचे कष्ट. उत्तर दोन ओळींचं आलं, आकडा तोच. फोन केला तर तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, "नोकरी गेल्याचं पत्र कुठे आहे?"

मग एका पानात लिहिलं: नोकरी कधी गेली, तेव्हा उत्पन्न किती होतं, यंदा किती येईल, फीला किती कमी पडतात. सोबत कंपनीचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याचा कागद. ग्रँट, म्हणजे परत न फेडायची मदत, 8,200 डॉलरनी वाढली. परिस्थिती बदलली असेल तर आकडे बदलण्याचा अधिकार एड ऑफिसरला कायद्यानंच दिलाय, पण कागद बघूनच. म्हणून मी आधी फोल्डर लावायला सांगते, पत्र नंतर. यूट्यूबवरचे तयार नमुने उतरवू नका. त्यात तुमचं घर कुठेच नसतं.

दुसरी चूक, ऑफर न वाचताच खूश किंवा नाराज होणं. 'एड'च्या बेरजेत कर्जही धरलेलं असतं: पहिल्या वर्षी मुलाच्या नावावर 5,500 डॉलरपर्यंत सरकारी कर्ज, कधी वर पॅरेंट प्लस लोन, म्हणजे आईवडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज. ते फेडायचं आपल्यालाच. वर्क-स्टडीचे, म्हणजे शिकताना करायच्या अर्धवेळ कामाचे, पैसे काम केल्यावर मिळतात. मी वहीत फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप लिहिते आणि एकूण खर्चातून वजा करते. अपील त्या उरलेल्या आकड्यावर करायचं.

आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ खाजगी विद्यापीठं) राज्य विद्यापीठाची मेरिट ऑफर, म्हणजे गुणवत्तेवर मिळालेली स्कॉलरशिप, दाखवून घासाघीस करू नका. तिथे मेरिट स्कॉलरशिप नसतेच.

दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर पत्रात ठळक लिहा. 2024-25 पासून सरकारी हिशेबात त्याची सूट मिळत नाही.

गावी आईवडिलांच्या औषधपाण्याला पैसे पाठवता ते फॅफ्सा विचारत नाही. बँकेच्या पावत्या जोडा. मानतीलच असं नाही, पण न सांगता कुणाला कळणार?

आणि घाई करायची ती इथे करा: पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाऊ दे. बहुतेक कॉलेजांत जागा पक्की करायच्या डिपॉझिटची मुदत 1 मे असते. तोवर उत्तर आलं नाही तर मुदत वाढवून मागा, ईमेलनं, लेखी.