नवी कोंबडी जुन्या कोंबड्यांत सोडायचीय? आधी डाला, मग सोडा

बाजारातून कोंबडी आणायची, पिशवीचं तोंड सोडायचं आणि डायरेक्ट अंगणात सोडून द्यायची, असं बरेच जण करतात, मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. आमचं घर जुळे सोलापुरात, मागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. आठवडी बाजारातून एक तांबडी तलंग आणली, अजून अंड्यावर पण आली नव्हती, दुपारी सोडली आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी तिला भिंतीच्या कोपऱ्यात धरून तुऱ्यापासून मानेपर्यंत सोलून काढलं. दोन दिवस मी चमच्यानं पाणी पाजत बसले, तिसऱ्या दिवशी गेली. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय, कुणाची तरी कोंबडी वाचावी.

जुन्या कोंबड्या वाईट असतात म्हणून मारतात असं नाही. कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते, कोण आधी खाणार, कोण दांडीवर कुठं बसणार, कोण कुणाला टोचा मारणार, अगदी मडक्यांची उतरंड असते तसं. नवी आली की ती उतरंड हलते आणि सगळ्यांना आपापली जागा परत ठरवावी लागते. नॉर्वेच्या एका अभ्यासकानं, थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे नाव त्याचं, शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचे टोचे बघून बघून हेच लिहून ठेवलंय. म्हणजे थोडी टोचाटोची होणारच, ती आपण बंद करू शकत नाही, आपल्या हातात एवढंच आहे की ती जिवावर जाऊ नये.

सगळ्यात आधी नवी कोंबडी वेगळी ठेवा, तीन आठवडे तरी, महिना ठेवली तर उत्तम. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका जाळीत कोंबलेल्या असतात, तिथून काय घेऊन येईल सांगता येत नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, अंगात शिरली तरी दिसायला पाच-सहा दिवस लागतात, कधी पंधरा दिवस पण जातात, तोपर्यंत कोंबडी चांगली टुणटुणीत दिसते. वेगळी म्हणजे खरंच वेगळी, घराच्या दुसऱ्या बाजूला किंवा गच्चीवर सावलीत, तिचं भांडं वेगळं, आणि रोज आधी जुन्यांचं आवरायचं मग नवीचं, उलटं नाही, हात धुवायचे, शक्यतो चप्पल पण बदलायची. या दिवसांत तिचं शेण बघत जा, रक्त दिसलं तर रक्ती हगवण असू शकते, नाकातून पाणी, श्वासाला घरघर, मान वाकडी असलं काही दिसलं तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाला पिसं बाजूला करून उवा-पिसवा बघा, ते रात्री बॅटरी लावून केलं तर नीट दिसतं. जंताचं औषध आणि राणीखेतची लस डॉक्टरला विचारून याच काळात उरकून घ्या, जुन्यांची लस राहिली असेल तर त्यांची पण, कारण रोग नवीकडूनच येतो असं नाही, जुन्यांकडून नवीला पण लागतो.

आता खरं काम. माझ्या सासूबाई मोहोळकडच्या, त्यांच्या गावात नवी कोंबडी आणली की आठ-दहा दिवस दिवसा अंगणातच डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, डालून ठेवायचे, बाकीच्या आजूबाजूला दाणे टिपत फिरायच्या. मला तेव्हा वाटायचं पळून जाऊ नये म्हणून करतात, पण त्यात खरी गोम ही आहे की दोघींना एकमेकी दिसतात, आवाज ऐकू येतो, चोच मात्र पोचत नाही. आता डालगं नसेल तर जाळीचा पिंजरा चालतो, फक्त जाळी बारीक घ्या, मोठ्या भोकातून तुरा धरून ओढतात. पहिले दोन दिवस मी पिंजऱ्याच्या एका बाजूला जुनी सोलापुरी चादर टाकते, म्हणजे नवीला पाठ लपवायला जागा राहते आणि ऊन पण लागत नाही. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ टाका, शेजारी शेजारी खायची सवय लागली पाहिजे. सुरुवातीला जुन्या जाळीवर धावून जातील, मानेची पिसं फुलवतील, ते चालू असेपर्यंत सोडायची नाही. ज्या दिवशी त्या तिच्याकडे बघतच नाहीत, आपलं आपलं खात बसतात, तेव्हा समजायचं झालं. कधी आठवड्यात होतं, कधी पंधरा दिवस लागतात.

सोडायचं संध्याकाळी, दिवस मावळायच्या तासभर आधी, सगळ्यांना बाहेर मोकळं सोडून. खुराड्यात कोंडून कधीच नाही, पळायला जागा पाहिजे. रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवायची पद्धत पण आहे, अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही त्यामुळं भांडण होत नाही, पण ओळख न करता नुसतं तेवढंच केलं तर सकाळी उजाडल्यावर व्हायचं ते होतंच. म्हणून रात्री बसवली तर पहाटे खुराडं उघडायला स्वतः उठा. दोन-तीन ठिकाणी खाणं ठेवा, एकमेकींपासून लांब, पाण्याची मातीची परळं पण दोन-तीन, कारण मुजोर कोंबडी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते. आडोसे करा, उलटी पाटी दोन विटांवर टेकवून, भिंतीला तिरकी लावलेली फळी, जुनी बाज, काही पण, पण एकाच तोंडाचा कोपरा नको, दुसरीकडून निसटता आलं पाहिजे.

टोचा मारला, ती पळाली, मागं कुणी गेलं नाही, तर मधे पडू नका, तो त्यांचा व्यवहार आहे. दोघी-तिघी मिळून धरत असतील किंवा रक्त आलं तर लगेच काढा. लाल दिसलं की कोंबड्या तिथंच टोचत राहतात, त्यामुळं जखम धुऊन जांभळं औषध लावायचं, लाल रंग झाकला जातो, आणि पूर्ण भरेपर्यंत परत सोडायची नाही. एकच कोंबडी त्रास देत असेल तर नवीला नाही, तिलाच तीन-चार दिवस वेगळं बांधा. परत आली की ती पण थोडी नवीच झालेली असते, जोर उतरतो. आमच्या काळीला दोनदा असं ठेवावं लागलं.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, रोज दिवेलागणीला नवीला हातात घेऊन गळ्याखाली छातीच्या वरची पिशवी चाचपा. पोट भरलेलं असेल तर लिंबाएवढी भरीव लागते, आत ज्वारीचे दाणे बोटाला कळतात. रिकामी, चपटी लागली तर दिवसभर तिला कुणी खाऊच दिलेलं नाही, अंगावर ओरखडा नसला तरी. मग तिला वेगळं नेऊन भरड आणि पाणी द्या, सकाळी परत सोडा. सलग तीन दिवस रिकामी लागली तर परत डालग्याखाली.

जमलं तर एकटी आणूच नका, दोघी आणा, मार वाटला जातो आणि रात्री एकमेकींना चिकटून बसतात. अंगानं जुन्यांएवढ्या झालेल्या आणा, चार महिन्यांच्या आतली तलंग मोठ्यांत टिकत नाही. शिवाय लेअर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते वाढत्या कोंबडीच्या किडनीला झेपत नाही, त्यामुळं लहान मोठ्या एकत्र असतील तेवढे दिवस सगळ्यांना ग्रोवर फीड, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, आणि अंड्यावरच्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. दुसरा कोंबडा मात्र आणू नका, ते प्रकरण वेगळंच आहे.

एप्रिल-मेमधे हे करूच नका, पारा बेचाळीसच्या पुढं जातो, कोंबड्या आधीच चोच उघडून धापा टाकत असतात, त्यात पळापळ झाली की उन्हानंच जाते. पावसाळ्यात खालचं ओलं राहतं, रक्ती हगवणीची भीती. दिवाळीपासून जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंतचा काळ आपल्याकडे सगळ्यात बरा.

अंडी देणारी आणली आणि तिनं अंडी बंद केली तर विकणाऱ्यानं फसवलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, जागा बदलली की दोन-तीन आठवडे थांबतात. कधी जुन्या पण थांबतात. आमच्या दुसऱ्या वेळच्या दोघींनी बावीस दिवसांनी पहिलं अंडं दिलं, ते पण खोक्यात नाही, त्या उलट्या पाटीखाली.