सेल्फ फिरतो, तरी गाडी सुरू होत नाही: हिवाळ्यात उभ्या राहिलेल्या दुचाकी गाड्या हाताळू लागलेल्यांसाठी

संक्रांतीच्या सुमारास बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या कोणत्याही गॅरेजसमोर एका प्रकारची गाडी हमखास ढकलत आणलेली दिसते. मालक फौजेतून रजेवर आलेला असतो, नाहीतर गोव्यात किंवा पुण्यात नोकरीला असतो, आणि गाडी गणपतीनंतर पडवीतून हललेलीच नसते. आपल्याकडे बर्फ पडत नाही. तरीही पहाटेच्या गारठ्याने इंजिन ऑइल घट्ट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याआधी जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाची ओल गाडीने अंगावर घेतलेली असतेच. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल शिकताना मला इंजिनाचे चारही स्ट्रोक पाठ होते, परंतु ग्राहक खांद्याशी उभा असताना आणि गाडी काही केल्या उठत नसताना हात कोठून चालवायचा, हे कोणी सांगितले नव्हते. त्या वेळची छातीतली धडधड मला अजून आठवते, म्हणून हे लिहितो आहे.

किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा आणि पेट्रोल कॉक तुम्ही पाहालच. ग्राहक कानडी बोलणारा असो वा मराठी, त्याला गाडी किती महिने उभी होती आणि शेवटचे पेट्रोल कधी भरले, हे दोन प्रश्न पाना उचलण्यापूर्वीच विचारा. एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहा. शेतातल्या घरी उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी घर केलेले असते आणि वायरिंगही कुरतडलेले असते.

आता ज्या एका गोष्टीने माझे सर्वांत जास्त तास खाल्ले, ती सविस्तर सांगतो. सेल्फ दाबल्यावर इंजिन फिरले की आपण मनाशी ठरवून टाकतो की बॅटरी ठीक आहे, आणि प्लग, पेट्रोल, सेन्सर असे एकेक खोलत बसतो. जुन्या किकच्या गाड्यांवर हा समज फारसा नडत नसे, कारण त्यातल्या अनेकांना प्लगचा करंट थेट मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाकडून मिळत असे आणि बॅटरी मेलेली असली तरी गाडी किकवर सुरू होई. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि पुष्कळ मॉडेलांची किकच गेली. या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, सगळे त्याच बॅटरीवर जगतात. महिनोन्महिने उभी राहिलेली बॅटरी स्टार्टर मोटरला कशीबशी फिरवते, पण त्याच क्षणी तिचे व्होल्टेज इतके कोसळते की ईसीयू बंद पडतो आणि इंजिन पेट्रोलाविना, करंटाविना नुसते फिरत राहते.

मल्टीमीटर येथेही फसवू शकतो. गाडी स्वस्थ उभी असताना 12.4 व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी निर्दोष ठरत नाही. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते, हे खरे. परंतु खरी परीक्षा सेल्फ दाबलेला असतानाच होते. मीटरच्या दोन्ही पिना टर्मिनलवर धरून ठेवा, दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. तो 10 च्या खाली गेला, तर बाकी काहीही खोलू नका. मल्टीमीटर नसेल तर हँडलजवळच्या मीटर कन्सोलकडे लक्ष द्या: सेल्फ दाबताच डिस्प्ले क्षणभर विझतो, घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि बटण सोडताच टाकीखालून पंपाची ती दोन-तीन सेकंदांची गुणगुण पुन्हा ऐकू येते. ईसीयू बंद पडून नव्याने जागा झाल्याची ही खूण आहे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना आधी पॉझिटिव्ह, हा क्रम कधीही मोडू नका. चार्जिंग क्षमतेच्या एक दशांश करंटवर करा. 4 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असेल तर 0.4 अँपिअर पुरे. घाई म्हणून चालू कारची बॅटरी जोडणाऱ्याच्या हातात मी कोणाची गाडी देणार नाही.

इंजेक्शनच्या गाडीला उतारावरून धक्का मारत बसणे हा तर दोन माणसांचा घाम वाया घालवण्याचा प्रकार आहे, कारण पंपाला पुरेसे व्होल्टेज नसेल तर चाक कितीही फिरवा, पेट्रोल येणार नाही. एअर फिल्टरमध्ये पेट्रोल शिंपडून गाडी उठवणारे मेस्त्रीही भेटतील. त्यांच्याकडून बेअरिंग ठोकायला शिका, हे शिकू नका. त्यात आग लागते. माझ्या मते तुमच्या हातातला पाना काढून घेऊन स्वतः काम उरकणाऱ्या मेस्त्रीपेक्षा, ‘आधी काय ऐकू आलं ते सांग’ असे विचारून थांबणारा मेस्त्री शोधावा, मग तो कमी पगार देत असला तरी चालेल.

बॅटरी खरोखर ठीक निघाली, तर मगच पेट्रोलकडे वळा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखानेही हे इथेनॉल बनवतात. इथेनॉल ओल शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाला नेमके तेच आधी जाते. कार्बोरेटरची गाडी असेल, तर कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर टाकी रिकामी करा आणि पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची नळी, साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवा पुरे.

प्लग काढल्यावर तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, आणि ओला असेल तर करंट नाही किंवा गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त गेले आहे. करंट पाहताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून दूर धरा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

पहिल्या काही गाड्यांना वेळ लागेल, ग्राहक घड्याळ पाहील, आणि शेजारचा कोणीतरी प्लग बदलायला सांगेल. लागू द्या वेळ. क्रम पाळलात तर दोष सापडतोच, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तातला असतो.

गाडी सुरू झाली की लगेच चावी परत देऊ नका. इंजिन गरम होऊ द्या, थोडी रेस द्या आणि बॅटरीवर पुन्हा मीटर लावा. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. आला नाही, तर रेग्युलेटर आणि मॅग्नेटोची कॉइल तपासल्याशिवाय नवी बॅटरी विकू नका, कारण तीही पुढच्या रजेपर्यंत मरेल.