लग्नाचे फोटो काढणाऱ्या नव्या पोरांसाठी: भाव कुठे शिकलो

कॅमेरा, लेन्स, अल्बम यातलं तुम्हाला कळतंच, ते सोडून देतो. माझं घोडं अडलं ते भावात.

पहिल्या वर्षी मी दिवसाला १२ हजार घ्यायचो. लग्नं मिळाली ३८, म्हणजे ४ लाख ५६ हजार. घरात पेढे वाटले! आता हिशोब नीट बघा. जोडीदार फोटोग्राफर प्रत्येक लग्नाला अडीच हजार, अल्बम साडेतीन हजार. हे दोन्ही वजा केले की उरले २ लाख २८ हजार. त्यातून कॅमेऱ्याचा हप्ता महिना ९ हजार. हातात वर्षाला १ लाख २० हजार, आणि पेट्रोल तर अजून धरलेलंच नाही. मी भाव ठरवला ३८ दिवसांचा आणि पोट होतं ३६५ दिवसांचं. आषाढीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत हात रिकामे. पुन्हा वाचा, कारण हे मला दोन वर्षं समजलं नव्हतं.

समजलं ते नारायणगावात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. आमच्या कमिटीबरोबर मी गाडी चालवायला म्हणून गेलो होतो. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी अशा तिथींना भाव चढा, आडदिवशी तोच फड बराच स्वस्त. आमचे काका म्हणाले, "एका रात्रीचे एवढे?" व्यवस्थापकाने वहीतून मान वर केली. "अण्णा, खेळ नसला तरी माणसं जेवतात. त्या दिवसांचं कोण देणार?"

मी गप्पच झालो. त्याआधी पाच हजार भरून एका 'बिझनेस कोच'चं शिबिर केलं होतं. तिथे 'स्वतःवर विश्वास ठेवा' एवढंच मिळालं. विश्वासाने हप्ता फिटत नाही.

आता दाट तिथीचा भाव वेगळा, विरळ तारखेचा वेगळा, आणि इसार घेतल्याशिवाय तारीख वहीत चढत नाही. दुसऱ्याचं दरपत्रक ढापू नका. त्याचा स्टुडिओ बापाच्या गाळ्यात असेल. फडाचंही सगळं उचलू नका. कर्ज काढून कलाकारांना उचल द्यायची आणि हंगामावर सगळं सोडायचं, हे आपल्याला झेपणारं नाही.

एक गोष्ट मात्र बिनधास्त चोरली. तमाशाचा क्रम: गण, गवळण, बतावणी, मग वग, म्हणजे मुख्य नाट्य. वगाआधी बतावणी माणसांना हसवून सैल करते. माझ्या व्हिडिओतही आता मंगलाष्टकांआधी मामाची धावपळ, करवल्यांची थट्टा येते. लोक ते परत परत बघतात.

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळेच चुकतात. भाव वाढवल्यावर माझी चार गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक परवा परत आलं, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी. तिथी दाट होती. इसार आधी घेतला.