कॅमेरा घेण्याआधी हात लांब करून बघा

व्लॉगसाठी छोटा कॅमेरा घेताय? मेगापिक्सेलचा आकडा सोडा. दुकानातच कॅमेरा स्वतःकडे वळवा, हात पूर्ण लांब करा, स्टॅबिलायझेशन (चित्रातले हादरे कमी करणारी सोय) चालू करा आणि बोलत बोलत दहा-बारा पावलं चाला. मग ती क्लिप बघा. ठाण्याच्या तलावपाळीवर शूट करायचंय आणि फ्रेममध्ये मासुंदा तलावाऐवजी नुसते आपलेच गाल दिसणार असतील, तर काय उपयोग?

हे होतं कारण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन हादरे लपवताना चित्राच्या कडा कापतं. सोनी झेडव्ही-१ ची लेन्स २४ मिमीपासून सुरू होते (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य फ्रेममध्ये मावतं). कडा कापल्या की चेहरा आणखी जवळ येतो. या कॅमेऱ्याच्या पुढच्या आवृत्तीत, मार्क २ मध्ये, १८ मिमी मिळतात, म्हणजे मागचा परिसर ऐसपैस येतो, पण ऑप्टिकल, म्हणजे लेन्समधूनच हादरे सावरणारं, स्टॅबिलायझेशन गेलंय. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ ची लेन्स २० मिमीची आणि खाली कॅमेरा स्थिर धरून ठेवणारा, मोटरवर चालणारा गिंबल. चालत बोलणाऱ्यांनी माझ्या मते सरळ हाच घ्यावा. ऑप्टिकल झूम मात्र विसरा.

आवाजाचंही बघा. घोडबंदर रोडवर कॅमेऱ्यातला माइक तुमच्याआधी डंपर ऐकतो. त्यामुळे बाहेरचा माइक कसा जोडायचा, हे दुकानदाराला जोडूनच दाखवायला सांगा. आणि जास्तीच्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला काढा, कारण एवढ्याशा बॅटरीवर उपवन तलावावरची अख्खी संध्याकाळ निघत नाही.