लॅम्पवर्क मण्यांवर रिडक्शन फ्रिट: धातूची झळाळी कशी आणायची

लॅम्पवर्क म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत काचेच्या कांड्या वितळवून मणी वळणे, आणि फ्रिट म्हणजे काचेचे बारीक खडे. रिडक्शन फ्रिटची बरणी पहिल्यांदा उघडली की हमखास निराशा होते. आत मातकट तपकिरी, मळकट पिवळे किंवा करडे खडे असतात, चमक कुठेच नसते. या काचेत चांदी विरघळलेली असते. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला (हेच रिडक्शन) की ज्योतीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन काचेच्या पृष्ठभागातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि चांदीचा अतिशय पातळ थर वर येतो. पाण्यावर रॉकेलचा तवंग दिसावा तशी निळी, सोनेरी, जांभळी झाक मिळते ती या थरामुळे. ती येते शेवटच्या काही सेकंदांत. त्याआधीची सगळी मेहनत त्या सेकंदांसाठी मणी स्वच्छ ठेवण्याची असते.

आधी काच जुळते का ते पाहा. मण्यांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी मऊ काच, म्हणजे मुरानोची एफेत्रे आणि तिच्या जातीच्या इतर कांड्या, 104 सीओईची असते. चांदीची बरीच लोकप्रिय फ्रिट, उदाहरणार्थ जर्मनीच्या राइशेनबाखची आयरिस गोल्ड किंवा राकू, 96 च्या आसपासची असते, कारण हे रंग मुळात मोठ्या भट्टीवर काच फुंकणाऱ्यांसाठी बनतात. सीओई म्हणजे तापमान एका अंशाने बदलल्यावर काच किती प्रसरण किंवा आकुंचन पावते त्याचे माप. 104 आणि 96 मधला फरक कागदावर नगण्य वाटतो: 12 मिलिमीटरच्या मण्यात 300 अंश थंड होताना जेमतेम 3 मायक्रॉन. पण काचेला ताण पेलवत नाही, आणि तेवढ्यानेही तडा जातो. म्हणून 96 ची फ्रिट पृष्ठभागावर, विरळ आणि थोडीच घ्यायची. मण्याच्या एकूण काचेच्या विसाव्या भागापुढे न गेलेले बरे. तिचे सलग कडे किंवा जाड थर करू नका. 104 चीच चांदीची काच मिळाली, जशी डबल हेलिक्सची ट्रायटन किंवा ऑरे, तर ही मर्यादा सुटते. खिसा मात्र हलका होतो.

फिरोझाबाद किंवा पुरदिलनगरच्या बाजारातली सुटी कांडी वापरणार असाल तर तिचा सीओई कोणी सांगत नाही. चाचणी सोपी आहे: दोन्ही काचा वितळवून एकमेकींना लांबीच्या बाजूने चिकटवा आणि बारीक तार ओढा. थंड झाल्यावर तार सरळ राहिली तर जोडी जमली. धनुष्यासारखी वाकली तर त्या दोघींना एका मण्यात घालू नका.

खालचा रंग काय असावा यावर निम्मे काम ठरते. काळ्यावर आणि गडद जांभळ्यावर झाक सर्वांत ठळक दिसते. पांढऱ्यावर ती फिकी पडते. आयव्हरीमध्ये गंधक असते, त्यामुळे चांदी तिच्यावर प्रतिक्रिया देऊन खड्याभोवती तपकिरी-काळी कडा उमटवते. ती हवी असेल तर बहार, नको असेल तर डाग. फिरोजी रंगात तांबे असते. रिडक्शनच्या ज्योतीत फिरोजी स्वतःच विटकरी-करडा होतो आणि फ्रिटची मजा झाकून टाकतो. नवशिक्यांनी आधी दहा मणी फक्त काळ्यावर करावेत.

तयारी

फ्रिट चाळून घ्या. चहाची बारीक स्टीलची गाळणी पुरते. पिठासारखा भुगा आधी जळतो आणि मण्यावर राखट पापुद्रा धरतो, म्हणून तो बाजूला काढा आणि 1 ते 2 मिलिमीटरचे खडे ठेवा. हे करताना एन 95 मास्क लावा. काचेची धूळ फुप्फुसात जायची नाही. चाळलेल्यापैकी पाव चमचा स्टीलच्या उथळ थाळीत एका पदराने पसरा. वाटीत ढीग करून त्यात मणी बुडवलात तर हवे त्याच्या चौपट खडे चिकटतात.

मणी जिच्यावर वळायचा ती 2.4 मिलिमीटरची स्टेनलेस सळई बीड रिलीजमध्ये (काच सळईला चिकटू न देणाऱ्या लेपात) बुडवून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात ती रात्रभरातही आतून ओली राहते. ओली सळई ज्योतीत नेली की लेप फुगून सुटतो आणि मणी सळईवरच गरागरा फिरू लागतो. वापरण्यापूर्वी सळई ज्योतीच्या टोकाशी सावकाश शेकून घ्या.

सोडियमची पिवळी लखलख अडवणारा डिडिमियम चष्मा लावा, नाहीतर काच तापली किती हेच दिसत नाही. धूर बाहेर ओढणारा पंखा टॉर्चच्या वर आणि मागे हवा. त्याला पर्याय नाही. एलपीजी वापरत असाल तर व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरायची परवानगी नाही. गॅस आणि ऑक्सिजन दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप) बसवा.

ज्योतीपाशी

ज्योत तटस्थ (गॅस आणि ऑक्सिजन समतोल) किंवा किंचित ऑक्सिजनकडे झुकलेली ठेवा: टॉर्चच्या तोंडाशी टोकदार निळे दिवे, म्हणजे छोट्या ज्योती, पुढे पिवळेपणा नाही. 10 ते 12 मिलिमीटरचा गोल मणी वळा, दोन्ही टोकांना भोकाच्या कडा आत वळलेल्या हव्यात. आकार याच टप्प्यावर पूर्ण करा. फ्रिट लागल्यावर आकार सुधारत बसलात तर खडे ओघळून पट्टे होतात.

आता फक्त वरचा पदर केशरी होईपर्यंत तापवा, ज्योतीबाहेर काढा आणि लगेच थाळीतल्या खड्यांवरून एकदा हलकेच फिरवा. एकदाच. भोकाच्या कडेपासून 2 मिलिमीटर जागा मोकळी सोडा, कारण कडेला चिकटलेला खडा लेपाला टेकतो आणि पुढे धारदार टोक होऊन दोरा कापतो. खडे चिकटत नसतील तर मणी थंड आहे. जोरात दाबू नका, पुन्हा तापवा. मणी मधासारखा वाहत असेल तर तो खड्यांचा थर उचलेल, तेव्हा दोन क्षण थांबा.

मणी ज्योतीच्या दूरच्या टोकात आणा आणि सतत फिरवत जवळ घ्या. गार खडे एकदम आगीत गेले की फुटून उडतात. ते पृष्ठभागाशी सपाट होईपर्यंत वितळवा. खडे उठावदार ठेवायचा मोह होतो, पण अर्धवट चिकटलेल्या खड्याच्या खाली खाच राहते आणि मणी तिथूनच टवका सोडतो.

मग मणी ज्योतीबाहेर धरून लाली पूर्ण विझू द्या. हा थांबा सगळ्यात जास्त चुकतो. फार तापलेली काच रिडक्शनमध्ये नेली तर झाक येण्याऐवजी करडा, जस्ताच्या पत्र्यासारखा थर चढतो. मणी थांबलेला असताना ऑक्सिजन कमी करा: दिवे लांब, मऊ होतात आणि ज्योतीच्या टोकाला पिवळट-केशरी रंग येतो. काजळी दिसायला लागली तर फार पुढे गेलात, थोडा ऑक्सिजन परत द्या. मणी या ज्योतीच्या पुढच्या अर्ध्या भागात 3 ते 5 सेकंद फिरवा, बाहेर काढा, पाहा. झाक कमी असेल तर पुन्हा तेवढेच. सलग 15 सेकंद धरण्यापेक्षा तीन छोट्या फेऱ्या केव्हाही चांगल्या.

हवेवर चालणाऱ्या, ऑक्सिजन नसलेल्या टॉर्चची ज्योत मुळातच गॅसकडे झुकलेली असते. तिच्यावर वितळवणे दूरच्या टोकाला करायचे आणि रिडक्शनसाठी मणी तोंडाच्या जवळ न्यायचा.

राकूला वेगळा न्याय लावा. तिचे हिरवे-निळे-जांभळे पट्टे मुख्यतः तापमानाच्या चढउताराने उमलतात: चांगले वितळवा, लाली जाईपर्यंत थंड करा, मग हलकी ऊब द्या. ज्योतीचा ऑक्सिजन कमी करून तिथे फारसे साधत नाही.

झाक बिघडली तर मणी फेकू नका. तटस्थ, तप्त ज्योतीत 10 ते 15 सेकंद धरला की चांदीचा थर पुन्हा काचेत विरतो आणि पाटी कोरी होते. हेच उलटेही खरे: झाक आल्यावर सवयीने "शेवटचा एक शेक" दिलात तर ती पुसली जाते. काजळीचे काळे ठिपके मात्र तटस्थ ज्योतीच्या टोकातून एकदा झटकन नेल्यावर जळून जातात.

भट्टी आणि त्यानंतर

104 ची काच 510 अंश सेल्सिअसला ॲनील करा, म्हणजे आतला ताण जाईपर्यंत तापलेली ठेवून सावकाश थंड करा: 12 मिलिमीटरच्या मण्यांना तिथे पाऊण ते एक तास, मग तासाला 60 अंश या गतीने 430 पर्यंत, त्यानंतर भट्टी बंद करून दार न उघडता गार होऊ द्या. भट्टीतली साधी हवा झाक उडवत नाही. भट्टी नसेल तर नर्सरीत मिळणारे व्हर्मिक्युलाइट तापवून त्यात मणी पुरा, पण ते फक्त सावकाश थंड करणे झाले. ॲनीलिंग नंतर कुणाच्या तरी भट्टीत करून घ्यावेच लागते. विशेषतः 96 ची फ्रिट असेल तर.

मणी सळईसकट अर्धा तास पाण्यात भिजवून काढा. भोक हिऱ्याच्या रीमरने पाण्याखालीच घासा, लेपाची कोरडी भुकटी उडू देऊ नका. झाक काही मायक्रॉनचीही नसते, म्हणून असे मणी टंबलरमध्ये (घोळवून घासणाऱ्या यंत्रात) खरखरीत माध्यमासोबत घालू नका आणि काच मॅट करणाऱ्या एचिंगच्या द्रावणात तर मुळीच बुडवू नका. विकण्यापूर्वी ते आठवडाभर बाजूला ठेवा. सीओईचा तडा कधीकधी चार दिवसांनी फुटतो, आणि तो नेहमी एखाद्या मोठ्या खड्याच्या कडेने निघालेला सापडतो.